जात, दात, चाल, खोड

रविवारी सकाळी दोन गाड्या पाहून आम्ही तिघं बाणेरच्या एका अमृततुल्यात बसलो. मामा स्वारगेट आगारात मेकॅनिक म्हणून लागला आणि हेड मेकॅनिक होऊन एसटीतून निवृत्त झाला. ताई चार्टर्ड अकाउंटंट आहे, लोकांचे ताळेबंद तपासून त्यांवर सही करते. तिला मर्सिडीज घ्यायची आहे, आणि तीही जुनी. पाहिलेल्या दोन्ही गाड्या 2018 च्या ई-क्लास, दोन्ही डिझेल, दोन्ही चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या, प्रत्येकीचा आजवर एकच मालक. काळी एका चकचकीत यार्डात होती. मीटर 32 हजार किलोमीटर, किंमत सत्तावीस लाख. राखाडी एका डॉक्टरांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मीटर 98 हजार, बॉनेटवर खडी उडाल्याचे टिपके, किंमत बावीस लाख. ताईचा जीव काळीत अडकलेला. मामाला दोन्ही नको होत्या. चहा येईपर्यंत दोघंही गप्प बसले, तेव्हाच मी ओळखलं की आता बराच वेळ इथून उठणं नाही.

मामा : अगं, सत्तावीस लाखांत नवीकोरी इनोव्हा येते. सासवडला बंद पडली तर सासवडचा मेकॅनिक बॉनेट उघडतो. तुझी मर्सिडीज तिथे बंद पडली तर तिला उचलायला पुण्याहून गाडी बोलवावी लागेल.

ताई : ती बंद पडणार हे तू धरूनच चाललायस. हिशेब बघ ना. नवी होती तेव्हा ही गाडी पंचावन्न-साठ लाखांच्या घरात होती. त्यावर रोड टॅक्स, विमा. सात वर्षांत निम्म्याहून जास्त किंमत उतरली आणि तो तोटा पहिल्या मालकाने सोसला. इंजिन तेच आहे, पत्रा तोच आहे. युरो एनकॅपच्या चाचणीत 2016 मध्ये या पिढीच्या ई-क्लासला पाच तारे मिळाले होते, ते काही वयाबरोबर गळून पडत नाहीत. घसारा त्याने भरला, गाडी मला मिळाली. यात माझं चुकलं कुठे?

मामा : किंमत गाडीची उतरली. हेडलाइटची उतरली का? पार्टच्या काउंटरवर ती अजून साठ लाखांचीच आहे. दारात हत्ती झुलावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण कुणी हत्ती स्वस्तात विकायला काढला, की समजायचं, त्याला चाऱ्याचा खर्च कळलेला आहे.

ताई : म्हणजे तुझी तक्रार खर्चाबद्दल आहे, भरवशाबद्दल नाही. खर्चाचं मी बघेन. भरवशाचं म्हणशील तर तुला एक गोष्ट सांगते. ग्रीसमध्ये थेसालोनिकीला साचिनिदिस नावाचा टॅक्सीवाला होता. त्याने 1981 मध्ये जर्मनीतून एक जुनी मर्सिडीज आणली, 1976 ची 240 डी. तेव्हाच ती दोन लाख वीस हजार किलोमीटर चाललेली होती. 2004 मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली, तेव्हा 46 लाख किलोमीटर झाले होते. तीही सेकंडहँड सेडानच होती ना?

मामा : ही गोष्ट मलाही ठाऊक आहे, पण तू अर्धीच सांगितलीस. त्या माणसाने इंजिनं आळीपाळीने उतरवली, दुरुस्त केली आणि पुन्हा चढवली, ते कोण सांगणार? 46 लाख किलोमीटर ती गाडी नाही चालली, तो माणूस चालला. आणि तिच्यात कॉम्प्युटर किती होते? एकही नाही. तुझ्या गाडीत सीट मागे-पुढे करायलासुद्धा एक मेंदू बसवलाय.

ताई : बरं, मग एसटीत तुम्ही भरवसा कशावरून ठरवायचात?

मामा : एसटीत भरवसा असा शब्दच नव्हता. दहा हजार किलोमीटरमागे ब्रेकडाऊन किती, एवढा एक आकडा. तो प्रत्येक आगाराचा निघायचा. चासी त्याच, बॉडी दापोडीच्या कार्यशाळेतली, रस्तेही तेच. तरी एका आगाराचा आकडा खाली आणि शेजारच्या आगाराचा वर. का? गाडी ठरल्या दिवशी तपासणीच्या खड्ड्यावर घेतली का, ड्रायव्हरने वहीत लिहिलेली तक्रार कुणी वाचली का, फरक त्यात असायचा.

ताई : मग झालं तर! तू माझंच म्हणणं मांडतोयस. नीट ठेवलेली गाडी घ्यायची, विषय संपला.

मामा : विषय तिथेच सुरू होतो. नीट ठेवलेली कुठली, हे कशावरून ठरवलंस? यार्डवाल्याने तुला दीडशे मुद्द्यांचा रंगीत रिपोर्ट दिला, त्यावरून?

ताई : मी काही डोळे मिटून निघालेले नाही. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये नेमका जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला होता. विकणाऱ्याला गाडीचं सगळं माहीत असतं, घेणाऱ्याला काहीच नसतं. म्हणून घेणारा सरासरी भाव देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो गाडी विकायलाच काढत नाही. बाजारात उरतात त्या खराब गाड्या. 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मामा : हे आमच्या आजोबांना ठाऊक होतं. त्यांना नोबेल नाही, नुसतं पागोटं होतं.

ताई : पण त्यावरचा उपायही त्यानेच सांगितलाय. विकणाऱ्याने हमी द्यावी, स्वतःचं नाव पणाला लावावं. यार्ड एक वर्षाची वॉरंटी देतंय, डॉक्टर काहीच देत नाहीत.

मामा : त्या वॉरंटीत काय काय येतं?

ताई : इंजिन आणि गिअरबॉक्स.

मामा : एसी? स्टिअरिंग? सेन्सर? ती पुढची भलीमोठी स्क्रीन?

ताई : नाही.

मामा : म्हणजे जे सहसा बिघडत नाही त्याची हमी, आणि जे बिघडणार त्यासाठी राम राम. ऐक आता. ही गाडी जिथे बनली त्या चाकणला जनावरांचा मोठा बाजार भरतो. लहानपणी आजोबांबरोबर मी तिथे जायचो. रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदे व्हायचे. आजोबा बैल कसा बघायचे? आधी जात, मग दात, मग चाल आणि शेवटी खोड. मी आजवर जुनी गाडी अशीच बघत आलोय.

ताई : मग जातीपासून सुरू कर. जात तर उत्तमच आहे.

मामा : उत्तम जातीचंही एक ठरलेलं दुखणं असतं. बीएमडब्ल्यूचं एन-47 नावाचं डिझेल इंजिन घे. टायमिंग चेन साधारण इंजिनाच्या पुढच्या बाजूला असते, यांनी ती मागे, गिअरबॉक्सकडे घातली. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांची चेन अकाली झिजल्याचं जगभर गाजलं. पार्ट लहान, पण तिथवर हात पोचायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स बघ, तो ड्राय क्लचवाला. आपल्याकडे लोकांनी हौसेनं घेतलेल्या स्कोडा सुपर्बच्या पेट्रोलमध्ये तोच होता. 2013 मध्ये कंपनीने त्यातलं ऑइल बदलून द्यायला जगभरातून सोळा लाख गाड्या परत बोलावल्या. म्हणून "जर्मन गाडी" ही काही जात नव्हे. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठलं वर्ष, याला जात म्हणायचं.

ताई : आणि ई-क्लासचं डिझेल?

मामा : दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. दोघंही म्हणाले, इंजिन दणकट आहे, खर्च निघतो तो खालच्या बाजूचा. लोअर आर्म, बुश, लिंक रॉड. त्यातून आपल्याकडे विकली ती लांबवलेली गाडी, साध्या ई-क्लासपेक्षा व्हीलबेस 140 मिलिमीटर जास्त. मागे बसणाऱ्याला पाय पसरायला जागा मिळते, आणि आपल्या स्पीडब्रेकरला तिचं पोटही मिळतं.

ताई : म्हणूनच मी म्हणते, कमी चाललेली घ्या! 32 हजारांत बुश किती झिजणार? शिवाय चार वर्षांनी विकायला काढली तर काळी साठ-सत्तर हजारांवर असेल. राखाडी सव्वालाखाच्या वर पोचेल. सव्वालाख चाललेल्या मर्सिडीजला गिऱ्हाईक तू आणून देणार आहेस का?

मामा : हे मात्र बरोबर बोललीस. विकताना राखाडी मार खाईल. पण आधी बत्तीस हजार हे बत्तीस हजारच आहेत का, ते बघ. दात म्हणतात ते हेच. बैलाचे दोन दात, चार दात, सहा दात, एवढं मोजता येतं. दात जुळले की वय सांगणारा एकटा व्यापारी. तो शिंगं साळून, रंगवून म्हाताऱ्याचा तरणा करतो. मीटर मागे फिरवणं आज त्याहून सोपं आहे. काळीचे टायर तू बघितलेस?

ताई : बघितले की. नवे दिसत होते.

मामा : टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. काळीच्या चारही टायरवर 1421 होतं, म्हणजे 2021 सालचा चौदावा आठवडा. गाडी 2018 ची. सात वर्षांत बत्तीस हजार, म्हणजे 2021 मध्ये ती फार तर पंधरा हजार चालली असेल. पंधरा हजारांवर चारही टायर कुणी बदलतं का?

ताई : एखादा टायर फाटला असेल, म्हणून मालकाने सगळेच बदलले असतील. पैसेवाला माणूस आहे.

मामा : असेल. मी आरोप करत नाही, विचारतोय. ब्रेकच्या पॅडलचं रबर एका बाजूला गुळगुळीत झालंय. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड चेपलीय. एकेकटी गोष्ट काही सांगत नाही. सगळ्या एकाच दिशेने बोट दाखवायला लागल्या की थांबायचं. आणि समज, बत्तीस हजार खरेच आहेत. वर्षाला साडेचार हजार किलोमीटर म्हणजे काय? घर, ऑफिस, लग्नकार्य. डिझेल इंजिन पुरतं तापलंच नाही. रबर काही किलोमीटर मोजून सुकत नाही, वर्षं मोजून सुकतं. कूलंटच्या नळ्या, दारांची सीलं, बॅटरी, सगळ्यांचं वय सात वर्षंच. त्यात 2020 मध्ये गाड्या महिनोन् महिने जागेवर उभ्या होत्या. सोसायटीच्या उंदरांनी वायरिंगची मेजवानी केली ती तेव्हाच.

ताई : पण म्हणून जास्त चाललेली चांगली, हा कुठला न्याय?

मामा : जास्त चाललेली चांगली असं मी म्हटलंच नाही. ती निदान बोलते. डॉक्टरांची गाडी वरचेवर पुण्याहून कोल्हापूरला जाते आणि येते. हायवेचे किलोमीटर हे. पाचव्या गिअरच्या वरच फिरलेलं इंजिन. बॉनेटवरच्या टिपक्यांची साक्ष त्याला जुळते. आता चालीकडे ये. काळीजवळ गेल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं?

ताई : बॉनेटवर हात ठेवलास. मला वाटलं, नमस्कार करतोयस.

मामा : बॉनेट गरम होतं. आपण येणार म्हणून त्यांनी आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे सांगतं ते नंतर तासभर सांगत नाही. चेनचा खडखडाट, धुराचा रंग, गिअर टाकताना बसणारा धक्का, सगळं थंडीतलं. गरम झाल्यावर ऑइल सगळ्यांची अब्रू झाकतं. मग मी स्टिअरिंगखाली ते डबडं लावलं.

ताई : स्कॅनर. त्यात तर एकही फॉल्ट नव्हता!

मामा : फॉल्ट नव्हता आणि तपासणीही झालेली नव्हती. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या ठरलेल्या चाचण्या चालता चालता पूर्ण करत असतो. कुणी फॉल्ट पुसले की त्या चाचण्याही पुसल्या जातात आणि काही दिवस "अपूर्ण" दाखवतात. काळीच्या अपूर्ण होत्या. बॅटरी काढली तरी असं होतं, तेवढी शंका तिला देतो. डॉक्टरांच्या गाडीत पार्किंग सेन्सरचा एक फॉल्ट होता आणि बाकी सगळ्या चाचण्या पूर्ण.

ताई : म्हणजे फॉल्ट असलेली गाडी तुला जास्त आवडली.

मामा : मला एकही आवडली नाही. पण खोटं न बोलणारी एक होती. आता खोड. काळीत मी सीटबेल्ट टोकापर्यंत ओढला, तुला आठवतं? पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुता येतं, पण बेल्टच्या गुंडाळीत गाळ राहतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून हे शिकलोय. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, त्या गाड्याही कुठेतरी विकल्या गेल्याच असतील. असल्या गाड्यांत कॉम्प्युटर गालिच्याखाली आणि डिकीत असतात. पाण्यानंतर सहा महिने ठीक चालतात, मग हळूहळू एकेक दिवा लागायला लागतो. काळीत गाळ नव्हता. तेवढा गुण द्यायला हवा.

ताई : आणि अपघात? तो म्हणाला "नॉन-ॲक्सिडेंट". तू पेंटचं मशिन लावलंस, तेव्हा डाव्या मागच्या दाराशी काय आलं होतं?

मामा : बाकी सगळीकडे सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास. त्या दारावर जवळपास तीनशे. म्हणजे पुन्हा रंगवलेलं. पार्किंगमध्ये खरचटलं असेल किंवा कुणी ठोकलंही असेल. मशिनला तेवढंच कळतं. बाकीचं तू सांगायचंस.

ताई : मी? मला त्यातलं काय कळतं?

मामा : एक सांग. एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर सही करायला गेलीस आणि मालकाने तुला दीडशे मुद्द्यांचा रंगीत रिपोर्ट दिला, "सगळं उत्तम आहे" म्हणून. तू सही करशील?

इथे ताई पहिल्यांदा गप्प झाली. चहाचा ग्लास बाजूला सरकवून तिने फोन उघडला. काळीच्या विम्याच्या कागदाचा फोटो तिने सवयीने काढून ठेवला होता, पण वाचला नव्हता.

ताई : मामा, यात एनसीबी 20 टक्के लिहिलंय.

मामा : म्हणजे काय?

ताई : नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50. गाडी सात वर्षांची, मालक तोच. एकदाही क्लेम नसता तर इथे 50 हवे होते. 20 आहेत, म्हणजे दोनेक वर्षांपूर्वी क्लेम झालाय. कितीचा, ते विमा कंपनीकडूनच कळेल. यार्डवाल्याने एका शब्दाने सांगितलं नाही.

मामा : घ्या! मी पंधरा वर्षं पत्र्यावर टकटक करत बसलो आणि हिने कागदावरून गाडी ओळखली.

ताई : एवढ्यात खूश होऊ नकोस. डॉक्टरांची फाईलही मी चाळली. सगळी बिलं आहेत, तारखेवार. पुढचे आर्म 71 हजारांवर बदललेत, बॅटरी 2022 मध्ये. पण गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ते आयुष्यभराचं असतं.

मामा : कुणाच्या आयुष्यभराचं? वॉरंटीच्या? बीएमडब्ल्यू-ऑडीला गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी 80 हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला असं सांगते. मर्सिडीजचा गिअरबॉक्स तिचा स्वतःचा, पण तेल सगळीकडे तेलच. तो खर्च आलाच म्हणून समज.

ताई : टायर 2020 चे आहेत, तेही या वर्षी जाणार. ब्रेक डिस्कला कड आलीय. पार्किंग सेन्सर. म्हणजे पहिल्याच वर्षी मला दोन-अडीच लाख बाजूला ठेवायला हवेत. आमच्या भाषेत याला तरतूद म्हणतात. आणि काळीत जे आहे त्याला संभाव्य देणं म्हणतात. रकमेचा पत्ता नाही, कधी अंगावर येईल सांगता येत नाही. बुडालेल्या कंपन्यांच्या फायली मी पाहिल्यात. त्यांना मोठी कर्जं बुडवत नाहीत, न नोंदवलेली बुडवतात.

मामा : मग सत्तावीसच्या काळीपेक्षा बावीसची राखाडी स्वस्त?

ताई : बावीस नाही, साडेचोवीस. त्याशिवाय दर वर्षी दोन लाख मी वेगळे टाकणार, गाडी बिघडो न बिघडो. ते जमत नसेल तर तुझी इनोव्हा बरी, हे मला मान्य आहे. पण मला ते जमतं. कर्ज फिटलंय का, ते आरसीवरून बघते, बँकेचं नाव उतरवायला 35 नंबरचा फॉर्म, नाव बदलायला 29 आणि 30. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर. आणि डॉक्टरांचा तो 50 टक्क्यांचा बोनस मला मिळत नाही, तो त्यांच्याबरोबर जातो.

मामा : इतका हिशेब मांडलास, तर शेवटचं एक खरं सांग. गाडी हवीय की तिच्यावरची चांदणी?

ताई : चांदणीच हवीय. 1995 मध्ये मला शाळेतून आणताना तूच दाखवली होतीस. पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळवलेली नवी मर्सिडीज जुन्या मुंबई रस्त्याने चालली होती. तू म्हणालास, बघ, आपल्या गावात बनलीय. बसच्या खिडकीतून पार नाशिक फाट्यापर्यंत बघत होते मी.

मामा काही बोलला नाही. रिकामा ग्लास उगीचच बशीवर फिरवत राहिला. मग त्याने खिशातून जुना फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि डॉक्टरांचा नंबर लावला.

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. सकाळी येऊन गेलो ना, तेच. उद्या सात वाजता परत येतो म्हणतो. एक विनंती आहे. आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. रात्रभर थंडच राहू द्या."